जेमिनिड्स नाइट कॅम्प, जुन्नरच्या पुढे: माणसं चांगली, लाइट जास्त

2025 च्या डिसेंबरमधला जेमिनिड्स उल्कावर्षावाचा कॅम्प केला त्याबद्दल लिहितेय, जुन्नरवरून माळशेजकडे जाताना एका शेतावर होता. आयोजकांचं नाव टाकत नाही, सूचना त्यांना थेट कळवल्यात. माणशी 1800 रुपये, त्यात चहा-भजी, जेवण, सतरंजी, स्लीपिंग बॅग आणि सकाळचे पोहे. जायचं आपापल्या गाडीने.

आधी चांगलं सांगते. तारीख अगदी बरोबर निवडली होती, 13 डिसेंबरची रात्र, शनिवारही होता आणि जेमिनिड्स भरात असतात ते 13-14 लाच. आपल्याकडे सगळ्यात भरवशाचा उल्कावर्षाव हाच, कारण ऑगस्टमधल्या पर्सिड्सचं परदेशात कितीही कौतुक असलं तरी 12-13 ऑगस्टला सह्याद्रीत ढगच ढग, त्यासाठी पैसे भरून कॅम्पला जाऊ नका प्लीज. नोव्हेंबरच्या लिओनिड्सना आकाश चांगलं मिळतं पण एरवीच्या वर्षी त्या तासाला दहा-पंधराच्या वर जात नाहीत. डिसेंबरात हवा कोरडी, रात्र मोठी, आणि या उल्का जिथून आल्यासारख्या दिसतात ती मिथुन रास संध्याकाळीच पूर्वेला उगवते म्हणून पहाटेपर्यंत थांबायची सक्ती नाही, लहान मुलांनाही दहाच्या सुमारास बऱ्याच दिसल्या.

माहिती सांगणारा मुलगा फार मनापासून सांगत होता. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात पण हा फेथन नावाच्या लघुग्रहामुळे, 1983 मध्ये सापडलेला, सूर्याच्या बुधापेक्षाही जवळ जाऊन येतो, त्याच्या वाटेवर पडलेले कण पृथ्वी दर डिसेंबरात ओलांडते. हे कण सेकंदाला साधारण 35 किलोमीटरने येतात, लिओनिड्स 71 ने, म्हणून जेमिनिड्स जरा सावकाश सरकताना दिसतात आणि शेजारच्याला "ते बघ" म्हणेपर्यंत त्यालाही दिसते कधीकधी. मृग, व्याध, पुनर्वसुचे दोन तारे सगळं हाताने दाखवलं, लेझर फिरवत बसला नाही, हे मला फार आवडलं.

आता खटकलेलं. जेवणाच्या मांडवात पांढरा हॅलोजन साडेअकरापर्यंत चालू! अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा झगझगीत उजेड डोळ्यात गेला की परत पहिल्यापासून, त्यामुळे जो पाणी प्यायला उठला त्याची अर्धा तास वाट लागली. लाल कागद लावलेला एक छोटा बल्ब पुरला असता. त्यात लोकांचे मोबाइल, त्यावर कोणी काही बोललं नाही.

दुसरं म्हणजे टेलिस्कोप. त्यातून गुरू आणि त्याचे चंद्र दाखवले, सुंदर दिसले, पण त्याची लाइन नेमकी बारा ते एक ठेवली. उल्का बघायला टेलिस्कोप लागतच नाही, दुर्बीणही नाही, जितकं जास्त आकाश डोळ्यात मावेल तितकं चांगलं, नुसतं पाठीवर पडून राहायचं. मिथुन दोनच्या सुमारास जवळपास डोक्यावर येते, पण त्या रात्री त्याच सुमारास चंद्रही उगवणार होता, म्हणजे अकरा ते दोन हाच खरा सोन्याचा वेळ आणि त्यातला तास लोक रांगेत उभे. गुरू नऊला दाखवता आला असता की.

आणि जाहिरातीत "तासाला 120 उल्का" लिहू नये. तो आकडा रास बरोबर डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळं असेल तर एका माणसाला किती दिसतील त्याचा असतो. आम्हाला चांगल्या तासात तीसच्या आसपास दिसल्या आणि मला त्या भरपूर वाटल्या, एक तर पिवळसर, इतकी तेजस्वी की सगळं शेत ओरडलं, पण 120 ऐकून आलेली माणसं बाराला नाराज होऊन झोपायला गेली, याचं वाईट वाटलं.

जेवण झकास, पिठलं, गरम भाकरी, ठेचा, घरच्यासारखं वाढत होते. बायकांसाठी वेगळं टॉयलेट, स्वच्छ. स्लीपिंग बॅग मात्र पातळ, दोननंतर दव पडून वरून ओलसर होते, कानटोपी, मोजे आणि घरची गोधडी न्याच, गोधडीखाली प्लास्टिकही घाला.

5 पैकी साडेतीन. बुकिंग करताना कुठल्याही कॅम्पला तीन गोष्टी विचारा: लाइट किती वाजता बंद करता, मध्यरात्री काय कार्यक्रम ठेवलाय, आणि त्या रात्री चंद्र कधी उगवतो-मावळतो. तिसऱ्याचं उत्तर पटकन आलं नाही तर दुसरीकडे बघा. 2026 ला अमावस्या 9 डिसेंबरच्या सुमाराला आहे, म्हणजे 13-14 ला कोवळा चंद्र असेल आणि तो रात्री लवकर मावळेल, पुढची सगळी रात्र काळी. वार रविवार-सोमवार येतोय, सुट्टी आत्ताच टाकून ठेवा. यांनी हॅलोजनचं काही केलं असेल तर मी यांच्याकडेच जाणार आहे.