मशीनवाला क्रँक ग्राइंड केला म्हणाला, आणि कॅप घासून दिल्या

जुनं इंजिन उघडलंय आणि बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथली) बदलायचीत, त्यांनी हे वाचाच.

माझ्या इंजिनचे जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमधे फिरणारे गोल भाग, झिजलेले होते. मशीनवाला म्हणाला क्रँक अर्धा मिमी ग्राइंड करतो, त्याच मापाचे अंडरसाइझ शेल (बारीक झालेल्या जर्नलसाठीचे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) टाकतो, तुम्ही कशाला त्रास घेता, सगळं बसवूनच देतो. हे "बसवूनच देतो" ऐकलं तेव्हाच कान टवकारायला हवे होते, पण मी उलट खुश झालो. घेताना रॉड हलवून बघितला, खेळ अजिबात नाही, क्रँक जरा जड फिरत होता पण म्हटलं नवीन बेअरिंग आहे, घट्ट असणारच.

काही दिवस झकास चाललं. मग गरम झालं की आयडलला ऑइल प्रेशर खाली, आणि लोड आला की खालून ठोका.

संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) काढला, कॅप (रॉडचे बोल्टने सुटणारे खालचे अर्धे भाग) खोलल्या. शेल मधे बरे होते पण जोडाच्या कडांपाशी पार चकाकत होते, तांब्याचा रंग दिसायला लागलेला. कॅपची जोडाची बाजू उजेडात तिरपी धरली तर कानशीचे ओरखडे! शेलच्या पाठीवर साइझचा नंबर असतो तिथे पॉलिशपेपर मारलेला. मग जर्नलला मायक्रोमीटर लावला. मूळ माप ५०.८० मिमी, अर्धा मिमी ग्राइंड केला असता तर ५०.३० यायला हवं, माझं आलं एकीकडून ५०.७७ आणि आडवं धरून ५०.७१. म्हणजे क्रँक मशीनवर चढलाच नव्हता, स्टँडर्ड (मूळ मापाचे) शेल टाकून कॅप घासल्या आणि ढिलाई लपवली. कॅप घासली की रॉडच्या भोकाचं उभं माप कमी होतं, आडवं तेवढंच राहतं, भोक लंबगोल होतं आणि शेल जास्त दाबला जाऊन जोडापाशी आत फुगतो, तिथेच जर्नलला घासतो. हाताला मात्र सगळं टाइट लागतं.

विचारलं तर म्हणे "जुन्या इंजिनला असंच करतात". हो, पातळ शेलच्या आधी व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ धातू) ओतायचे तेव्हा जोडातल्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, काढून नाहीतर कॅप घासून ॲडजस्ट करायचे, पण त्यानंतर स्क्रेपरने बेअरिंग जर्नलला मिळवूनही घ्यायचे. शेलला ते कुठून चालणार? आणि बिल तर ग्राइंडिंगचं घेतलंय ना!

नुसते शेल बदलून भागलं नाही. दुसरीकडे रॉड आणि कॅपच्या जोडाच्या बाजू सपाट करून भोक परत मूळ मापाला होन करून (आतून बारीक घासून) घेतलं, क्रँक खरोखर ०.२५ ग्राइंड झाला. यावेळी शेल मी स्वतः आणले, पाठीवरचा ०१० (०.०१० इंच, म्हणजे ०.२५ मिमी) वाचला, कॅपचे बोल्ट टॉर्क लावून आवळले आणि फट मोजायची प्लॅस्टिगेजची मऊ तार दाबली, क्रँक हलू दिला नाही. चारही जर्नलवर फट ०.०५ मिमीच्या आसपास.