महदीचे सुदानी सैन्य : १८८४ च्या मिनिएचर घ्याव्यात की १८९८ च्या?

टेबलावरच्या युद्धखेळासाठी महदीच्या, म्हणजे सुदानात इजिप्शियन आणि ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या धर्मनेत्याच्या, सैन्याच्या मिनिएचरची (छोट्या सैनिक-पुतळ्यांची) जुळवाजुळव करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न धातू की प्लास्टिक हा नसून काळाचा आहे, असे माझे मत आहे. १८८४-८५ मध्ये तांबड्या समुद्रावरच्या सुआकिन बंदराच्या परिसरात महदीचा सरदार उस्मान दिग्ना याच्या हाताखाली लढलेले बेजा जमातीचे योद्धे आणि २ सप्टेंबर १८९८ रोजी ओमदुरमानला महदीचा वारस खलिफा अब्दुल्लाही याच्या निशाणांखाली चालून गेलेले अन्सार (महदीचे अनुयायी) यांच्या पेहरावात इतका फरक आहे की, एकाच्या मिनिएचर दुसऱ्याच्या जागी चालवून घेणे जाणकाराला खटकते.

ओमदुरमानचे सैन्य टेबलावर देखणे दिसते, हे मान्यच करायला हवे. मूळचे फकिरी ठिगळ तोवर गणवेशाचा भाग झाले होते आणि पांढऱ्या जिब्ब्यांवर (सैल अंगरख्यांवर) ती रंगीत ठिगळे मापात शिवलेली असत. भव्य रांगा आणि मोठी निशाणे यांचीच हौस असेल, तर हा पर्याय वाईट म्हणता येणार नाही. मात्र समोर मॅक्झिम तोफा (मशीनगन) असताना महदी बाजू घेणाऱ्याच्या हाती डावपेचांना फारसा वाव उरत नाही. याउलट १३ मार्च १८८४ रोजी तामाई येथे बेजांनी ब्रिटिशांचा एक चौक (चारही बाजूंना तोंड करून उभी केलेली चौकोनी रचना) प्रत्यक्ष फोडला होता, त्यामुळे त्या काळातला खेळ शेवटपर्यंत अनिश्चित राहतो.

तरीही माझा निर्णय १८८४-८५ च्या बाजूने झाला तो ठिगळांमुळे. पुष्कळ मिनिएचरवर ती उठावात घडवलेली असतात. २८ मि.मी. च्या प्रमाणात तो उठाव इतका जाड दिसतो की, कापडावर कापड न शिवता अंगावर फळी ठोकल्यासारखे वाटते. सुरीने खरवडावे, तर शेजारची चुणीही निघून जाते आणि प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) हात दिल्यावर तिथला सपाट चौकोन अधिकच उठून दिसतो. साध्या कापडाच्या मिनिएचरवर ठिगळे हवी तेव्हा, हवी तशी रंगवता येतात. हवी नसतील, तर प्रश्नच मिटतो. सुआकिनकडच्या बेजांच्या अंगावर बहुतांशी कमरेला गुंडाळलेले कापडच असल्यामुळे तिथे ही कटकट मुळातच कमी आहे.

बेजा घेताना दाट, पिंजारलेले केस, मध्यभागी उंचवटा असलेली गोल कातडी ढाल आणि सरळ, दुधारी कस्कारा तलवार आवर्जून पाहावी. भाले शक्यतो वेगळे बसवायचे असावेत. ओतीव भाले वाकतात आणि पुन्हा सरळ करताना मुठीपाशी तुटतात. बंदुका मोजक्याच ठेवाव्यात. ४ फेब्रुवारी १८८४ रोजी एल तेबजवळ ब्रिटिश अधिकारी बेकर याच्या इजिप्शियन सैन्याचा धुव्वा उडाल्यावर बेजांच्या हाती रेमिंग्टन बंदुका आल्या, हे खरे. परंतु त्यांचा मुख्य मार शेवटपर्यंत भाला आणि तलवार यांचाच राहिला.

धातूचा वजनदारपणा मला स्वतःला आवडतो, मात्र परदेशातून मागवताना टपालखर्च अंगावर येतो. म्हणून मोठ्या जमावासाठी प्लास्टिक आणि सरदार व निशाणवाले तेवढे धातूचे, अशी विभागणी मला सोयीची वाटली.

आपल्याकडच्या खेळाडूंसाठी आणखी एक गोष्ट या काळाच्या बाजूने आहे. २२ मार्च १८८५ रोजी तोफ्रेकच्या लढाईत २८ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती, त्यामुळे बेजांसमोर मुंबई इलाख्याच्या सैन्यातली पलटण उभी करण्यास इतिहासाचा पूर्ण आधार आहे.