रानटी टर्कीच्या घरट्यावर नजर ठेवणारा ट्रेल कॅमेरा: वापरानंतरचे मत

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात घरामागे रान असेल, तर मे महिन्यात गवत कापताना अगदी पायाजवळून रानटी टर्कीची मादी फडफडत उठणे नवलाचे नाही. ती झुडपाच्या आडोशाला किंवा झाडाच्या बुंध्याशी, पाचोळ्यात उथळ खळगा करून जमिनीवरच अंडी घालते. अशी उठलेली मादी परत येते का, हे पाहण्यासाठी मी ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवला की समोर हालचाल होताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा घेतला, तोही मोबाइल नेटवर्कवरून छायाचित्रे पाठवणारा.

साध्या ट्रेल कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड काढायला दर वेळी घरट्यापाशी जावे लागते, आणि नेमके तेच टाळायचे असते. माणसाचा हात लागला की पक्षी अंडी टाकून देतो, ही आपल्याकडची जुनी समजूत खरी नाही. मात्र मादीला पुन्हा पुन्हा उठवले, तर ती घरटे सोडण्याची शक्यता वाढते. अंडी घालण्याचे दिवस आणि उबवणीचा आरंभ हा काळ सर्वांत नाजूक असतो. साधारण 28 दिवसांची उबवण संपत आली, की तीच मादी खुडूक कोंबडीसारखी चिकटून बसते. घरटे लवकर मोडले, तर ती दुसरे घरटे करू शकते. पण त्यात बहुधा पहिल्या दहा-बारांपेक्षा कमी अंडी असतात. म्हणून मादी दूर असतानाच कॅमेरा झटपट बांधला आणि तिकडे फिरकणे बंद केले. सायंकाळी ती परतल्याचे छायाचित्र फोनवर आले, आणि कॅमेऱ्याची किंमत तिथेच वसूल झाली.

दोष आहेत. सेन्सर हलणारी उष्णता टिपतो, त्यामुळे निश्चल बसलेली मादी त्याला जणू दिसतच नाही, उलट उन्हात डोलणाऱ्या फांदीची छायाचित्रे मात्र ढिगाने येतात. यावर ठरावीक अंतराने छायाचित्र घेण्याची सोय वापरणे हाच उपाय. फार जवळ बांधल्यास चित्र धूसर येते. रात्री रॅकून किंवा स्कंक यांसारखा अंडी खाणारा प्राणी आल्याचे कळते, पण तेवढ्याने अंड्यांचे रक्षण होत नाही, हे विक्रेत्याच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. कॅमेरा घेताना, रात्री छायाचित्र टिपताना लाल चमक न दिसणारा प्रकारच निवडावा. मासिक शुल्क मला जास्त वाटले. परंतु पिल्ले बाहेर पडल्यावर एखाद्या दिवसातच घरटे सोडून आईमागे निघतात, त्यामुळे एकाच घरट्यासाठी वर्षभराची वर्गणी भरण्याचे कारण नाही.