जेनेटिक काउन्सेलिंग सेंटर, संभाजीनगर: आमचा अनुभव, 4 स्टार

आमचं आते-मामे लग्न, दोघंबी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचा दोष अंगात असून आजार नाही, पण हे कळलं कधी तर लेक मेजर, म्हणजे पूर्ण आजारी निघाल्यावर. तिला दर तीन आठवड्याला रक्त चढवावं लागतंय. त्यामुळं दुसऱ्या लेकराचा विचार करायचीच भीती वाटायली होती. त्यात आधी एका सेंटरवाल्यानं सांगितलं की गर्भाचे जीन दुरुस्त करून देतो, ॲडव्हान्स भरा, आणि हळूच म्हणला पाहिजे तर मुलगाच होईल. आमचे हे शेत गहाण ठेवायला निघाले होते.

मग परभणीहून पहाटेच्या गाडीनं इथं आलो. तिथल्या मॅडमनी कोऱ्या कागदावर पुरुषांसाठी चौकोन आणि बायकांसाठी गोल काढून सगळी वंशावळ मांडली, आमच्या दोघांत डबल रेघ मारली म्हणजे नात्यातलं लग्न, आमचे अर्धे रंगवले म्हणजे मायनर, आणि लेकीचा गोल पूर्ण भरला तेव्हा मला रडूच आलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, इतके दिवस मलाच बोल लावायच्या, पण अर्धा रंगवलेला गोल त्यांच्यापण नावावर बघून गप झाल्या.

जीन दुरुस्तीचं विचारलं तर मॅडम सरळ म्हणल्या, ताई, हे भारतात चालत नाही, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या नियमांत मनाई आहे. गर्भात केलेला बदल लेकरांच्या लेकरांत उतरतो, चुकला तर माघारी घेता येत नाही. चीनमधल्या ‘हे जिआनकुई’ नावाच्या शास्त्रज्ञानं जुळ्या मुलींवर असा बदल केला, 2018 ला उघड झालं, त्याला 3 वर्षं तुरुंगात टाकलं. जन्मलेल्या पेशंटच्या स्वतःच्या रक्तपेशींवरचा इलाज वेगळा, तो पुढच्या पिढीत जात नाही, ब्रिटननं 2023 ला 12 वर्षांवरच्या पेशंटसाठी कॅसजेव्ही म्हणून मंजूर केलाय. हे ऐकून लेकीसाठी जीवात जीव आला, ती आत्ता सहा वर्षांची आहे.

आम्हाला काय करता येतं तर आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीनं भ्रूण तपासणं, तेबी 2021 च्या कायद्यानं फक्त आनुवंशिक आजारासाठी. मुलगा-मुलगी कळणार नाही, विचारूबी नका, असं आत्यांच्या तोंडावर सांगितलं, आणि ते सांगायलाच पाहिजे होतं, बीडमधी मुलगी आहे म्हणून गर्भ पाडायचे, ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

एक स्टार कापला कारण तीन तास बसवून ठेवलं आणि संमतीचा फॉर्म नुसता इंग्रजीत, तो मराठीत पाहिजेच. जाताना दोघांचे एचपीएलसी (थॅलेसेमिया ओळखायची रक्ततपासणी) रिपोर्ट घेऊन जा आणि जमलं तर सासूबाईंनाबी न्या.