पाटो की पर्वरी?

गोव्याच्या कलेतिहासाची पुस्तकं शोधायची तर पणजीत नि तिच्या आसपास दोन वाटा आहेत. पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं. विषय अजून धूसर असेल तर इथूनच सुरुवात करा. मात्र एकाच कपाटावर विसंबू नका. ग्रंथालयं पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात त्या ड्यूई पद्धतीत कलेचा इतिहास ७०९ मध्ये, चित्रकला ७५० च्या घरात, देवळं नि चर्चची वास्तुकला ७२६ मध्ये आणि भारताचा इतिहास थेट ९५४ मध्ये. म्हणजे मंगेशीच्या दीपस्तंभासाठी तीन कपाटं पालथी घालायची! पुस्तक हाती आलं की आधी चित्रसूची आणि संदर्भसूची चाळा, प्रस्तावना नंतर.

मांडवीपलीकडे पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं. पसारा लहान, रोख नेमका. चर्चमधली वेदीचित्रं, मिशनचा इतिहास यांसाठी मला तेच सरस वाटतं. शिवाय गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांची मूळ चित्रं तिथल्या संग्रहात आहेत. छापील रंगांवर भरवसा कशाला ठेवायचा? मात्र पोर्तुगीज जुजबी तरी यायला हवी, आणि आधी फोन करून, विषय सांगूनच जावं.

कावी चित्रांवर, म्हणजे देवळांच्या भिंतींवरच्या तांबड्या मातीच्या चित्रांवर, काम करणाऱ्यांनी मात्र पाटोच गाठावं.