चाचणीची खोली की घरचा ओटा?

डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. या मुलांना बहुधा समजतं बरंच, बोलता येतं त्यापेक्षा कमी. मग त्यांची भाषा अभ्यासायची कुठे?

चित्रं दाखवून घेतलेली चाचणी लवकर आटोपते, गुण मिळतात, तुलना सोपी जाते. पण अनोळखी खोलीत मूल मिटून बसतं. कोथरूडच्या एका घरी मी रेकॉर्डर ओट्यावर ठेवला. चाचणीत एकेक शब्द बोललेली नऊ वर्षांची मुलगी आजीला म्हणाली, "तुझ्या डब्यातला लाडू मला दे ना!" केवढे प्रत्यय, आणि वर लाडीगोडी! हे उतरवून घेणं वेळखाऊ आहे, कुकरच्या शिट्टीत शब्दही हरवतात. तरी बोलण्यासाठी मी घरच निवडेन, आकलनासाठी चाचणी. आणि आधी कान तपासा. या मुलांच्या मध्यकर्णात अनेकदा द्रव साचतो.