होल्ड, लिनियर की सेपरेट डायमेन्शन्स?

आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पोझिशनच्या लागोपाठच्या दोन कीफ्रेम्सची (कुठल्या क्षणी लेयर, म्हणजे हलवायचं चित्र किंवा अक्षरं, कुठे असावा हे ठरवणाऱ्या खुणांची) व्हॅल्यू तंतोतंत सारखी, तरी मधल्या वेळात लेयर सरकतोच. पोझिशनच्या नव्या कीफ्रेमला स्पेशियल इंटरपोलेशन (दोन कीफ्रेम्समधली वाट आखायची रीत) आपसूक ऑटो बेझियर, म्हणजे वळणदार, मिळतं, म्हणून असं होतं. आधीची आणि नंतरची हालचाल जुळवण्याच्या नादात वाट गोल होते आणि लेयर थांबायच्या जागी एक छोटा फेरफटका मारून येतो.

देवनागरीत हे जास्तच खुपतं. मी फोंड्याकडच्या जत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती करतो. नाटकाचं नाव डावीकडून येतं, मधोमध थांबतं, मग देणगीदारांना जागा द्यायला वर जातं. त्या थांब्यात नाव हळूच उजवीकडे-खाली झुकतं आणि परत येतं. खाली सोनेरी पट्टी असली की शिरोरेखा आणि पट्टी यांच्यातलं अंतर कमीजास्त होताना कुणालाही दिसतं.

सेपरेट डायमेन्शन्सने एक्स (आडवी जागा) आणि वाय (उभी जागा) वेगळे केले की ही घसरण जाते. उसळता चेंडू करायचा तर मीही तेच वापरतो. पण सांभाळायच्या कीफ्रेम्स दुप्पट होतात आणि कॉम्पमध्ये, म्हणजे चित्र दिसतं त्या चौकटीतच, हँडल ओढून वाट वळवायची सोय जाते. साध्या थांब्यासाठी एवढा खटाटोप मला तरी जड वाटतो.

होल्ड, म्हणजे पुढच्या कीफ्रेमपर्यंत लेयर जागीच धरून ठेवणं, सगळ्यात सरळ. जोडीतल्या पहिल्या कीफ्रेमवर कंट्रोल-ऑल्ट-एच, की लेयर ढिम्म. बरेच जण हेच सुचवतात आणि त्यात चूक काहीच नाही. माझं बिनसलं ते एफ-९ मुळे. काम संपत आलं की सगळ्या कीफ्रेम्स निवडून एफ-९ ने ईझी ईझ (वेग अलगद वाढवणं-कमी करणं) लावायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते. तो लागला की होल्ड पुसला जातो आणि घसरण परत हजर. सूचना वगैरे काही येत नाही, कीफ्रेमचं चिन्ह तेवढं बदलतं. त्यात जत्रेच्या आदल्या रात्री आणखी दोन देणगीदार वाढतात, टायमिंग हलवावं लागतं, पुन्हा एफ-९ दाबला जातो. अशा वेळी चिन्हं निरखत बसायला कुणाला सवड असते!

लिनियरमध्ये, म्हणजे वाट सरळ रेषेत ठेवली की, ही भानगड नाही. दोन्ही कीफ्रेम्स निवडायच्या, राइट क्लिक करून कीफ्रेम इंटरपोलेशन उघडायचं आणि फक्त स्पेशियलला लिनियर करायचं. टेम्पोरलला, म्हणजे वेगाच्या भागाला, हात लावायचा नाही. एफ-९ वेगाशी खेळतो, वाटेशी नाही. त्यामुळे तो कितीदाही दाबा, नाव जागचं हलत नाही आणि ईझही शाबूत राहतो.

वळणदार वाटांचंच काम जास्त असेल तर माझं मत कदाचित तुम्हाला पटणार नाही. पण अक्षरं आणि लोगो हलवणाऱ्यांनी प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये जाऊन डीफॉल्ट स्पेशियल इंटरपोलेशन लिनियर करण्याच्या चौकटीवर टिक करून टाकावी. ती नव्या कीफ्रेम्सनाच लागू होते. गेल्या वर्षीची फाइल उघडलीत तर तिथले थांबे हातानेच सरळ करावे लागतील.